चित्रपट आणि माध्यमे : एका पदवीत दोन विषय

प्रश्न : मला विद्यापीठात चित्रपट अभ्यास आणि माध्यम अभ्यास हे दोन्ही विषय एकत्र असलेल्या पदवीसाठी प्रवेश घ्यावयाचा आहे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे होईल, अशी भीती घरातील मंडळींना वाटते. हे विषय खरोखर वेगळे आहेत का, आणि ते एकत्र शिकल्याने नेमके काय हाती लागते?

उत्तर : हे विषय वेगळे आहेत, नाते आहे, पण ते सख्ख्या भावंडांचे नसून चुलत भावंडांचे आहे. चित्रपट अभ्यास बऱ्याच अंशी साहित्य आणि कलासमीक्षा यांच्या घरात वाढला, त्यामुळे समोरची कृती हाती घेऊन ती कशी घडली आहे हे पाहण्याची त्याला सवय आहे. माध्यम अभ्यासावर समाजशास्त्राचे संस्कार अधिक आहेत. बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ साली स्थापन झालेल्या समकालीन संस्कृती अभ्यास केंद्राचे स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये असे मांडले की, दूरचित्रवाणीवरून पाठवणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ प्रेक्षक जसाच्या तसा स्वीकारतोच असे नाही. तो अर्थ मान्य करतो, त्याच्याशी तडजोड करतो किंवा तो सरळ उलटा लावतो. येथे लक्ष कृतीपेक्षा ती पाठवणाऱ्यावर आणि पाहणाऱ्यावर अधिक आहे.

दोन्ही बाजूंची गाठ कोठे पडते, हे एका जुन्या प्रयोगावरून दिसेल. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा तोच शॉट कधी सुपाच्या थाळीला, तर कधी शवपेटीला जोडून दाखवला, आणि प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर कधी भूक, तर कधी शोक दिसला, असे सांगितले जाते. चित्रपटाच्या वर्गात संकलनाचा हा धडा पहिल्याच सत्रात येतो. आता बातमीपत्रातील सभेचे दृश्य घ्या. वक्ता बोलत आहे, आणि लगेच पुढचा शॉट रिकाम्या खुर्च्यांचा आहे. त्या खुर्च्या सभा सुरू होण्यापूर्वी तासभर आधी टिपलेल्या असू शकतात, तरीही पाहणाऱ्याच्या मनात ‘भाषणाला कोणी आलेच नाही’ हे वाक्य आपोआप तयार होते. हा परिणाम कटमुळे, म्हणजे एक शॉट तोडून त्याला दुसरा जोडल्यामुळे, कसा साधला, हे चित्रपटाचा विद्यार्थी सांगेल. तो कट घ्यावा असे कोणी ठरवले, त्या वाहिनीचा मालक कोण, आणि कोणत्या प्रेक्षकाने त्यावर विश्वास ठेवला, हे माध्यमांचा विद्यार्थी विचारील. निम्मे ज्ञान घेऊन बाहेर पडण्याची घरच्यांची भीती तेव्हाच खरी ठरते, जेव्हा हे दोन्ही प्रश्न एकाच दृश्याला विचारण्याची सवय लागत नाही.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना विषयांच्या यादीपेक्षा एक गोष्ट शोधा : दोन्ही बाजूंचे अध्यापक मिळून शिकवतात असा एखादा तरी पेपर आहे का? काही ठिकाणी दोन विभागांचे पेपर नुसते शेजारी ठेवलेले असतात आणि ते सांधण्याचे काम विद्यार्थ्यावर सोडलेले असते. (शेवटच्या वर्षाचा प्रबंध कोणत्या विभागात सादर करावयाचा, या प्रश्नाला कार्यालयात सरळ उत्तर मिळाले नाही, तर काय ते समजावे.) प्रात्यक्षिकाचे तासही मोजून पाहा. अशा पदव्यांमध्ये लेखन आणि विश्लेषण यांचा भाग पुष्कळदा मोठा असतो. छायालेखक किंवा ध्वनिमुद्रकच व्हावयाचे असेल, तर चित्रपट प्रशिक्षण संस्थेचा मार्ग अधिक जवळचा आहे, असे माझे मत आहे.

प्रवेशापूर्वी स्वतःची परीक्षा घ्यावयाची असल्यास तीन मिनिटांचे कोणतेही दृश्य निवडा आणि वही घेऊन बसा. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर ती ४,३२० चित्रे होतात. प्रत्येक शॉट किती सेकंद टिकतो, कॅमेरा कोणाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे आणि पुढच्या शॉटचा आवाज आधीच्या शॉटवर कोठे सांडतो, हे लिहा. नंतर तेच दृश्य आवाज बंद करून पाहा. त्यात अर्धा दिवस गेला आणि कंटाळा आला नाही, तर निम्मा निर्णय झाला. उरलेल्या निम्म्यासाठी त्याच चित्रपटाची जाहिरात-झलक पाहा, आणि त्या दृश्यातील नेमके कोणते चार सेकंद तेथे उचलले व ते कोणासाठी, याची कारणे लिहून काढा.

प्रश्न : मी फारसे चित्रपट पाहिलेले नाहीत. प्रवेशाच्या वेळी ते आडवे येईल का?

उत्तर : सहसा नाही. भरपूर पाहिलेल्या अर्जदारांचे निबंध पुष्कळदा कथानक सांगण्यातच संपतात. तुम्ही दोनच चित्रपट नीट पाहिलेले असतील, तर त्यांपैकी एकातील एकच कट घ्या आणि तो तेथेच का आहे, एवढेच लिहा.