वाचक विचारतात: मजुरांनी मजूर पक्ष का सोडला?

प्रश्न: नमस्कार ताई, मी रबाळे एमआयडीसीत कामाला आहे, राहायला ऐरोलीला. ब्रिटनच्या मजूर पक्षाला त्यांच्याच कामगार मतदारांनी सोडलं असं सारखं वाचतो. नावातच मजूर आहे, मग असं कसं झालं? आमच्याकडे वडील युनियन सांगेल तिकडेच मत द्यायचे म्हणून विचारतोय.

उत्तर: दादा, तुमच्या वडिलांचं जे सांगितलंत ना, तिथेच उत्तर आहे. हा पक्ष 1900 साली कामगार संघटनांनीच उभा केला. खाणीच्या, पोलादाच्या गावांत युनियनचा माणूस तोच पक्षाचा माणूस, घरचं काय चाललंय ते त्याला माहीत असायचं. मग 1984-85 चा खाण कामगारांचा वर्षभराचा संप मोडला, विरोधी हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंच्या सरकारने खाणी बंद करत आणल्या आणि खाणीसोबत युनियनही गेली. माणसं तिथंच राहिली पण काम गोदामात, कॉल सेंटरला, एजन्सीमार्फत, मग गेटवर येऊन विचारणार कोण?

1995 ला मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते टोनी ब्लेअरनी पक्षाच्या घटनेतलं कलम 4, म्हणजे उद्योग सगळ्यांच्या सामायिक मालकीचे असावेत हे कलम, बदललं, मध्यमवर्ग जोडला आणि 1997 ला 418 जागा जिंकल्या. किमान वेतनाचा कायदा त्यांनीच आणला, तो मोठाच होता, ते नाकारून चालणार नाही. पण 1997 ला मतदान 71 टक्के होतं ते 2001 ला 59 वर आलं. माझ्या मते सगळ्यात मोठी धोक्याची घंटा हीच, कारण रागावलेला माणूस आधी दुसऱ्याला मत देत नाही, तो घरीच बसतो, आणि पक्ष तरीही जिंकत होता म्हणून कोणी बघायलाच गेलं नाही.

पुढे 2016 ला ब्रेक्झिटचं, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडायचं का याचं सार्वमत आलं, या जुन्या खाणी-पोलादाच्या बऱ्याच गावांनी बाहेर पडायला मत दिलं आणि पक्ष 2019 ला परत सार्वमत घेऊ म्हणाला. 202 जागांवर आले. ब्लेअर यांची स्वतःची जुनी सेजफील्डची जागा हुजूर पक्षाकडे गेली, बोल्सोव्हरला 1970 पासून निवडून येणारे डेनिस स्किनर पडले, ते स्वतः खाण कामगार होते! 2024 ला 400 च्या वर जागा आल्या खऱ्या पण मतं जेमतेम 34 टक्के, म्हणजे जुना मतदार परत आला असं मी तरी म्हणणार नाही.

आपल्याकडे 1982 च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळला काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. वागळे इस्टेटला कंपन्यांच्या जागी आयटी पार्क आलेत, तुमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात पर्मनंटच्या शेजारी ठेकेदाराचा माणूस तेच काम कमी पगारात करतो, त्याचा पीएफ भरला की नाही हे विचारायला कुठला पक्ष येतो? मला फार लागतं हे. सगळ्याच पक्षांबद्दल बोलतेय मी. पुढच्या वेळी उमेदवार सोसायटीत आला की त्याला हेच विचारा, आणि ठेकेदाराकडच्या पोरांना सोबत घेऊन विचारा.