मागूर, शिंगी आणि गुणसूत्रांवरचे ठिपके

चि. विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

मागूर-शिंगीच्या गुणसूत्रांचं तुझं चित्र पाहिलं. एका मोठ्या गुणसूत्राच्या मधोमध टेलोमियरचा (एरवी गुणसूत्राच्या टोकाला असणाऱ्या क्रमाचा) ठिपका आहे आणि त्याखाली तू 'दोन गुणसूत्रं जोडली गेल्याचा पुरावा' असं लिहिलं आहेस. ती ओळ सध्या खोडून टाक. ठिपका खरा असेलही, पण तो कशामुळे तिथे आला हे ठरवायला आणखी पुष्कळ गोष्टी हातात लागतात. त्यातली पहिली तर सूक्ष्मदर्शकाजवळ जाण्याआधीच येते, ती म्हणजे मासा नेमका कोणता.

आपला देशी मागूर म्हणजे क्लॅरियस मागूर. वर्षानुवर्षं त्याला क्लॅरियस बॅट्रॅकस म्हटलं गेलं, पण ते नाव खरं तर जावा बेटावरच्या माशाचं आहे. जुन्या भारतीय लेखांत बॅट्रॅकसची गुणसूत्रं ५० आढळतील, थायलंडमधल्या कामात त्याच नावाखाली १०४. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवून 'एकाच जातीत संख्या दुप्पट झाली' असं म्हटलंस, तर कधी न घडलेली उत्क्रांती तू कागदावर घडवशील. आफ्रिकन मागूर, म्हणजे क्लॅरियस गॅरीपिनस, याची ५६. देशीशी त्याचा संकर झाला तर दोघांची निम्मी, म्हणजे २५ आणि २८ मिळून ५३ अपेक्षित. आफ्रिकन मागूरच्या संवर्धनावर बंदी असूनही उजनीच्या परिसरात त्याच्या तळ्यांवर कारवाया कराव्या लागल्या आहेत, तेव्हा बाजारातून 'मागूर' म्हणून आणलेल्या माशावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. शिंगी या दुसऱ्या देशी माशाचीही आपल्याकडे बहुतेक वेळा ५६च नोंदली आहेत, म्हणजे नुसत्या मोजणीवर जात ठरत नाही. प्रत्येक माशाला क्रमांक दे, पराचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेव (जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाच्या बारकोडसाठी) आणि उरलेला मासा १० टक्के फॉर्मलिनमध्ये. कुठल्या पाण्यातून आला, तेही लिहून ठेव.

प्राणी नैतिकता समितीची परवानगी हातात आल्याशिवाय मासा आणायचा नाही. शिंगीच्या छातीच्या परातला काटा विषारी असतो, म्हणून जाड हातमोजे घाल. टबावर वजनदार झाकण ठेव. हे मासे हवेतून श्वास घेतात आणि रात्रीतून बाहेर सरपटतात.

आता स्लाइड. पेशी विभाजित होत नसतील तर पुढचं सगळं वाया, म्हणून आदल्या दिवशी माशाला यीस्ट टोच: अर्धा ग्रॅम यीस्ट, अर्धा ग्रॅम साखर, २ मिली कोमट पाणी, मिश्रण फसफसू लागलं की १०० ग्रॅम वजनाला १ मिली पोटाच्या पोकळीत. चोवीस तासांनी विभाजन मधेच थांबवणारं कोल्चिसिन, ०.०२५ टक्के, त्याच प्रमाणात. त्यानंतर पाऊण तास थांब. जास्त थांबलीस तर गुणसूत्रं आखडून ठेंगणी होतात आणि त्यांच्या भुजांचं (सेंट्रोमियर या आवळलेल्या जागेच्या दोन बाजूंचं) गुणोत्तर चुकतं. मासा पूर्ण बेशुद्ध करून अग्रवृक्क (वृक्काचा डोक्याकडचा भाग) काढ. ते ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ३७ अंशांवर २५ मिनिटं ठेव. मग पेशी पक्क्या करणारं फिक्सेटिव्ह: मिथेनॉल आणि ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड ३:१, दर वेळी ताजं. शिळ्या मिश्रणात एस्टर तयार होतात, गुणसूत्रांभोवती राखाडी पेशीद्रव्य चिकटून राहतं आणि प्रोब (ठरावीक क्रमावर जाऊन चिकटणारा, चमकणारा डीएनएचा तुकडा) आत शिरत नाही. बहुतेक 'लागत नाही' म्हणणाऱ्यांची चूक इथे असते, प्रोबमध्ये नसते. पहिले थेंब फिक्सेटिव्हचे हळू टाक, नळी उलटीसुलटी करत राहा, नाहीतर पेशींच्या गुठळ्या होतात.

पसरलेल्या पेशी कोरड्या स्लाइडवर फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघ. गुणसूत्रं गडद राखाडी आणि सभोवती स्वच्छ दिसली तरच ती स्लाइड पुढे ने. चकाकणारी, काचेसारखी दिसत असतील तर वाळण्यात गडबड झाली. प्रत्येक माशाच्या निदान ३० पेशी मोज आणि नर-मादी दोन्ही घे. ब्राझीलमधल्या हार्टिया कार्व्हालोई या माशात मादीची ५२ आणि नराची ५३ गुणसूत्रं आहेत, कारण तिथे नरात दोन वाय लिंग-गुणसूत्रं आहेत. फक्त माद्या मोजणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

सी-बँडिंग (गुणसूत्रांचे घट्ट, पुनरावर्ती भाग रंगवणं) आणि सिल्व्हर नायट्रेटचं रंगकाम कंटाळवाणं वाटलं तरी सोडू नकोस. सिल्व्हर मात्र मागच्या इंटरफेजमध्ये (दोन विभाजनांमधल्या काळात) चालू असलेलेच न्यूक्लिओलर भाग (राइबोसोमचा आरएनए बनवणाऱ्या जागा) दाखवतं. बंद असलेले दिसत नाहीत, म्हणून १८एस राइबोसोमल डीएनएचा प्रोब वेगळा लावावाच लागतो.

फिश तंत्राच्या, म्हणजे गुणसूत्रांवर चमकणारा प्रोब चिकटवण्याच्या, पायऱ्या तुला ठाऊक आहेत, म्हणून जिथे बिघडतं तेवढंच सांगतो. पेप्सिन ०.००५ टक्के, १० मिलीमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, १० मिनिटं. कमी झालं तर पार्श्वभूमी हिरवी-लाल चमकते, जास्त झालं तर गुणसूत्रं पोकळ, भुतासारखी दिसतात. डिनॅच्युरेशनच्या, म्हणजे डीएनएचे दोन धागे सुटे करायच्या, ७० टक्के फॉर्मामाइडचं तापमान ७२ अंश हवं, आणि ते जारच्या आत मोजायचं, वॉटर बाथच्या पडद्यावर वाचायचं नाही. एकदम चार स्लाइड बुडवल्या की जार थंड होतो. डॅपी या निळ्या रंगाखाली कडा विरघळल्यासारख्या दिसल्या की डिनॅच्युरेशन फार झालं. ५० टक्के फॉर्मामाइड, २ पट एसएससी (क्षारांचं द्रावण), ३७ अंश, या स्थितीत साधारण ७७ टक्क्यांहून अधिक साम्य असलेलेच क्रम धरून राहतात. म्हणून मागूरचा सॅटेलाइट (ओळीने पुन्हा पुन्हा येणाऱ्या क्रमाचा) प्रोब शिंगीवर उमटला नाही, तर तो क्रम तिथे नाही असं म्हणता येत नाही. तो बदलला असेल, किंवा दिसण्याइतका एका जागी साठला नसेल.

आणि आता तुझा ठिपका. टीटीएजीजीजी हा टेलोमियरचा क्रम मधे येण्याला संयोग, म्हणजे दोन गुणसूत्रं जोडली जाणं, हे एक कारण आहे. पण तो एखाद्या सॅटेलाइटचा भाग असू शकतो, ट्रान्सपोझॉनबरोबर (जागा बदलणाऱ्या डीएनएच्या तुकड्याबरोबर) पसरलेला असू शकतो, किंवा तुटलेल्या जागेची डागडुजी होताना आत शिरलेला असू शकतो. उलटही घडतं: खरा संयोग होऊनही टेलोमियरचे क्रम हरवतात आणि काहीच दिसत नाही. म्हणून आधी भुजांची एकूण संख्या बघ. सेंट्रोमियरपाशी दोन गुणसूत्रं जोडली गेली असतील तर संख्या एकाने कमी होते (आई-बाप दोघांकडूनही जोडलेलं गुणसूत्र आलं असेल तर दोनाने), भुजा तेवढ्याच राहतात. एखाद्या माशात संख्या विषम आली तर त्याच्या वृषणात मिओसिस (जननपेशी बनवणारं विभाजन) बघ, तीन गुणसूत्रं एकत्र जुळलेली सापडली तर तुझं म्हणणं भक्कम झालं. दक्षिण अमेरिकेतल्या रिनेलोरिकारिया लिमा या माशात संख्या ६६ ते ७० अशी बदलते आणि जोडाच्या जागी ५एस राइबोसोमल डीएनए किंवा टेलोमियरचे अवशेष सापडतात. तुझ्या चित्रातल्या जागेवर ५एसचा प्रोब दुसऱ्या रंगात लावून बघ. पुनरावर्ती क्रम असलेल्या जागा सहज तुटतात आणि एकमेकींशी चुकीच्या जुळतात, हा विचार तिथे पटण्यासारखा आहे, पण सहवास म्हणजे कारण असं लिहू नकोस. कोणती स्थिती जुनी हे ठरवायला जवळच्या नातेवाईक जातीचं तेच चित्र हवं.

सॅटेलाइट शोधायला पूर्ण जिनोमची गरज नाही. साधारण एक अब्ज बेसच्या जिनोमला पाव पट व्याप्ती म्हणजे २५ कोटी बेस, १५० बेसच्या साधारण १७ लाख रीड (वाचलेले तुकडे). रिपीटएक्सप्लोरर या पुनरावर्ती क्रम शोधणाऱ्या प्रणालीला तेवढं पुरतं. सापडलेल्या एककावर बाहेरच्या दिशेने तोंड असलेले पीसीआरचे प्रायमर बनव. जेलवर पट्ट्यांची शिडी दिसली तर क्रम रांगेत आहे. पीसीआरच्या ३० फेऱ्यांपुढे गेलीस तर शिडी पुसून नुसता धूर उरतो, तेव्हा आधी २० फेऱ्यांवर बघ.

पुढच्या पत्रात त्याच माशाची सी-बँडिंग केलेली पेशी, बारकोडचा निकाल आणि पाच नर-पाच माद्यांच्या मोजण्यांची वही पाठव. न जमलेल्या पेशींच्या नोंदीही त्यात असू देत.

तुझा मार्गदर्शक