पिएर आणि जील : छायाचित्र कुठे संपते, चित्र कुठे सुरू होते?

प्रश्न : एका ग्रंथालयात पिएर आणि जील या फ्रेंच जोडीच्या कामाचा संग्रह चाळला. संग्रहात त्या कृतींना छायाचित्रे म्हटले होते, पण त्वचा, फुले आणि आकाश पाहताना रंगवलेले चित्रच समोर असल्यासारखे वाटत होते. दोघांपैकी कोण काय करतो, आणि हे रंग संगणकावर भरतात का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : रंग हाताने भरले जातात. पिएर कोम्वा छायाचित्रकार आहेत, तर जील ब्लांशार चित्रकार. 1976 मध्ये पॅरिसमध्ये एका समारंभात दोघांची भेट झाली, ते एकत्र राहू लागले आणि पुढच्याच वर्षी एकत्र काम करू लागले. पिएर यांनी मित्रमंडळींची वेडीवाकडी तोंडे करतानाची छायाचित्रे भडक रंगाच्या पार्श्वभूमीवर काढली होती. प्रिंटमध्ये रंग मनासारखे उतरले नाहीत, तेव्हा जील यांनी कुंचला घेऊन ते प्रिंटवरच चढवले. पुढे हीच त्यांची पद्धत झाली.

ही पद्धत वेळखाऊ आहे. आधी रेखाटन होते, मग स्टुडिओत खरोखरचा देखावा उभा केला जातो : पडदे, कागदी आणि प्लॅस्टिकची फुले, टिकल्या, दिव्यांच्या माळा, जे लागेल ते. समोर बसणाऱ्या व्यक्तीचा पोशाख आणि भूमिका तिच्याकडे पाहूनच ठरते. प्रकाशयोजना आणि छायाचित्रण पिएर यांचे. निवडलेल्या एकाच छायाचित्राचा मोठा प्रिंट काढून त्यावर जील पातळ, पारदर्शक रंगाचे थर एकावर एक देत जातात. त्वचेवरची छिद्रे, डाग आणि सुरकुत्या त्या थरांखाली नाहीशा होतात. गालावरचा थेंब किंवा डोळ्यातली चमक वरून रंगवली जाते. चौकटही बहुतेक वेळा त्या चित्रासाठीच घडवलेली असते. म्हणूनच छायाचित्राच्या माध्यमातून जन्मलेली असूनही ही कृती एकमेव राहते, आणि पुस्तकात आपण पाहतो ती तिची केवळ प्रतिकृती असते. सही मात्र दोघांची. सुरुवातीपासून त्यांनी आपले काम वेगवेगळ्या नावांनी मांडलेले नाही, त्यामुळे ‘यात मोठा वाटा कुणाचा’ हा समीक्षकांचा आवडता प्रश्न येथे फारसा उपयोगी पडत नाही.

प्रश्न : बॉय जॉर्ज या ब्रिटिश गायकाला त्यांनी कृष्णाच्या रूपात दाखवले आहे, आणि ख्रिस्ती संतांच्या रूपात अर्धनग्न तरुणांना. ही श्रद्धेची थट्टा नाही का? आणि आपल्याकडच्या कॅलेंडरवरील चित्रांपेक्षा यात वेगळे असे काय आहे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. हे दोघे तरुणपणी भारतात हिंडून गेले होते आणि येथील देवादिकांच्या छापील चित्रांचे ऋण त्यांच्या कामात उघड दिसते. 1988 मधील ‘सरस्वती’ आणि 1989 मधील बॉय जॉर्जचा ‘कृष्ण’ ही त्याची ठळक उदाहरणे. मराठी वाचकाला ही परंपरा नवी नाही. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रवी वर्मा छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या, आणि कित्येक घरांतील बायकांनी त्या छापील देवीच्या पदरावर जर आणि टिकल्या शिवल्या. राजस्थानातील नाथद्वारा या तीर्थक्षेत्राचे चित्रकार तर श्रीनाथजींच्या (तेथील कृष्णरूपाच्या) चित्रात यजमान कुटुंबाच्या छायाचित्रांतले चेहरे कापून चिकटवत आणि अंगावरचे कपडे, दागिने रंगाने पुरे करत. छायाचित्रावर रंग चढवून माणसाला देवाजवळ नेण्याची ही रीत पॅरिसला ठाऊक होण्यापूर्वीच आपल्याकडे रुळलेली होती.

फरक आहे तो कुणाला जवळ न्यायचे याचा. नाथद्वाऱ्याच्या चित्रात पैसे मोजणारा शेठजी असतो. पिएर आणि जील यांच्या चित्रात चित्रपटतारका आणि फॅशनच्या जगातील नामवंत आहेतच (1990 चे ज्याँ पॉल गोतिए यांचे डेझीच्या फुलांमधले व्यक्तिचित्र अनेकांनी पाहिले असेल), पण त्यांच्याच तोलाने नाविकाच्या वेशातला पोरगा, रात्रीच्या क्लबमध्ये नाचणारा मित्र आणि फ्रान्समध्ये स्थलांतरितांच्या घरी वाढलेला तरुणही बसवलेला असतो, आणि त्यांच्या त्वचेवर तेवढेच थर चढतात.

1987 चा ‘संत सेबास्तियन’ पाहा. बांधलेला तरुण, शरीरात रुतलेले बाण, वर लागलेली नजर, आणि चेहऱ्यावर वेदनेचा मागमूसही नाही. युरोपात शतकानुशतके प्लेगपासून रक्षण करणारा म्हणून या संताचा धावा केला जाई, आणि हे चित्र आले तेव्हा एड्सने युरोपातील समलिंगी पुरुषांचे मित्रवर्तुळ कुरतडायला घेतले होते. हा संदर्भ डोळ्यांसमोर असेल तर चित्रात थट्टा सापडत नाही. थट्टा करणारा माणूस एका चेहऱ्यावर इतके कष्ट घेत नाही.

‘नवरा-नवरी’ या 1992 मधील कृतीत त्यांनी स्वतःलाच वधूवराच्या वेशात रंगवले. समलिंगींना लग्नाचा हक्क फ्रान्समध्ये 2013 मध्ये मिळाला. म्हणजे एकवीस वर्षे आधी त्यांनी आपला लग्नाचा फोटो काढून ठेवला होता, असे गमतीने म्हणता येईल.

तरीही सगळेच गोड मानून घ्यावे असे नाही. काही चित्रांतील साखर इतकी दाट आहे की दोन पाने उलटल्यावर सगळे चेहरे एकाच साच्यातले वाटू लागतात. उत्तर आफ्रिकी वंशाच्या तरुणांकडे पाहण्याच्या त्यांच्या नजरेत वसाहतीतल्या माणसांना मोहक शोभेची वस्तू म्हणून दाखवणाऱ्या जुन्या युरोपीय पोस्टकार्डांची छटा आहे, हा आक्षेपही मला पूर्णपणे खोडता येत नाही. ‘फ्रान्सचा विजय असो’ (2006) मध्ये मात्र ती नजर स्वतःच्या देशाकडे वळते : निळे, पांढरे आणि तांबडे मोजे घातलेले, अन्यथा विवस्त्र असे तीन वेगवेगळ्या वंशांचे फुटबॉलपटू. 2012 मध्ये व्हिएन्नाच्या लिओपोल्ड संग्रहालयाने हे चित्र प्रदर्शनाच्या जाहिरातीसाठी रस्त्यांवर लावले, तक्रारी आल्या आणि शेवटी फलकांवर नग्नता झाकणारी लाल पट्टी लावावी लागली. ज्या युरोपात विवस्त्र देवतांचे पुतळे चौकाचौकांत उभे आहेत तेथे हे घडावे, हे विशेष.

प्रश्न : आम्ही कलामहाविद्यालयात शिकतो. एक छायाचित्रण करतो, दुसरी रंगवते. ओळखीच्या समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींची अशी व्यक्तिचित्रे करण्याचा विचार आहे. पण कॅनव्हासवरच्या प्रिंटला ओला कुंचला लागला की शाई पसरते. काय करावे? (दोन विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : तुमच्या प्रिंटची शाई बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या प्रकारची असावी. पिगमेंट शाईचाच (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचा) प्रिंट मागा, तो पूर्ण वाळू द्या आणि त्यावर फवारणीच्या वार्निशचे दोन-तीन हलके हात मारा. हे काम हवेशीर जागेत करा. त्यानंतर ॲक्रिलिक रंग नुसत्या पाण्याने पातळ करण्याऐवजी ग्लेझिंग मीडियममध्ये (रंग पारदर्शक करणाऱ्या द्रवात) मिसळून लावा. प्रत्येक थर चित्र थोडे गडद करत जातो, म्हणून मूळ प्रिंट जरा उजळ काढा, आणि त्याच कॅनव्हासच्या कापलेल्या पट्टीवर आधी रंग लावून पाहा.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. कोणते रूप घ्यायचे, नऊवारी की राजाचा पोशाख की रोजचा शर्ट, हे बसणाऱ्या व्यक्तीला ठरवू द्या. तिची लेखी संमती घ्या, आणि प्रदर्शनासाठी वेगळी, समाजमाध्यमांसाठी वेगळी घ्या. 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत, पण घरी न सांगितलेले कितीतरी जण आहेत, आणि अशा व्यक्तीने उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी चित्र काढून घ्या असे सांगितले तर ते काढावे लागेल. भिंतीवरची ती जागा रिकामी राहू शकते, हे गृहीत धरूनच प्रदर्शनाची मांडणी करा.