जपानी गाणी पहिल्या अक्षरावरून शोधताना

आपली अडचण अशी दिसते की हिरागाना आणि काताकाना या दोन जपानी उच्चारलिपी (दोन्ही मिळून 'काना') आता वाचता येतात, पण गाण्यांची जपानी यादी 'अ', 'क', 'स' अशा विभागांत समोर आली की ओळखीचे गाणेसुद्धा त्यात सापडत नाही. शिवाय या यादीतून न ऐकलेली चांगली गाणी कशी मिळवावीत, हेही आपण विचारले आहे. दोन्हींचे उत्तर एकाच नियमात आहे. जपानी यादी शीर्षकाच्या उच्चारावर लावलेली असते, लेखनावर नव्हे. शीर्षक कांजीत, म्हणजे चिनी मुळाच्या चिन्हांत असो, रोमन अक्षरांत असो वा आकड्याने सुरू होत असो, आधी त्याचा उच्चार काना लिपीत मांडला जातो आणि मग त्या लिपीच्या क्रमानुसार त्याची जागा ठरते.

हा क्रम मराठी वाचकाला फारसा परका नाही. अ, इ, उ, ए, ओ हे स्वर आणि त्यानंतर क, स, त, न, ह, म, य, र, व या ओळी, ही मांडणी सिद्धम् ही संस्कृत लिहिण्याची जुनी लिपी आणि संस्कृत ध्वनिविचार अभ्यासणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून आली आहे. आपल्या वर्णमालेत जिथे 'च' येतो तिथे त्यांची 'स'ची ओळ आहे आणि 'प'च्या जागी 'ह'ची, कारण या दोन ओळींचे प्राचीन उच्चार अनुक्रमे 'च' किंवा 'त्स' आणि 'प' यांच्या जवळचे होते, असे अभ्यासक मानतात. वर्णमाला पाठ असलेल्या माणसाला ही यादी इंग्रजी वर्णक्रमावर वाढलेल्या माणसापेक्षा लवकर वश होते, असे माझे मत आहे.

मात्र आपली सवय एका ठिकाणी हमखास दगा देते. आपण 'ग', 'ज', 'द', 'ब' ही स्वतंत्र अक्षरे मानतो. जपानी क्रमात ती 'क', 'स', 'त', 'ह' यांच्याच पोटात असतात आणि अक्षराच्या डोक्यावरच्या दोन टिंबांकडे पहिल्या फेरीत लक्षच दिले जात नाही. त्यामुळे 1995 सालचे 'झानकोकु ना तेन्शि नो तेझे' हे गाणे 'स'मध्ये शोधायचे. नाकाजिमा मियुकीचे 1975 सालचे 'जिदाई' हे 'शि'खाली, म्हणजे पुन्हा 'स'च्याच ओळीत. 'चि' आणि 'त्सु' ही 'त'च्या ओळीतली अक्षरे आहेत, त्यामुळे स्पिट्झ या बँडचे 'चेरी' तिथे सापडते. 'फु' मात्र 'ह'च्या ओळीत बसते, आणि 'बु' व 'पु' त्याच्याच सोबत.

'फु' हा एकच विभाग उघडून बघा. इशिदा आयुमीचे 'ब्लू लाइट योकोहामा' (1968), ताकेउचि मारियाचे 'प्लॅस्टिक लव्ह' (1984), उतादा हिकारुचे 'फर्स्ट लव्ह' (1999), ऑफिशियल हिगे दॅन्डिझमचे 'प्रिटेंडर' (2019) आणि 1914 साली शालेय गीतसंग्रहात आलेले 'फुरुसातो' ही पाचही गाणी तिथे एकत्र नांदतात. काना लिपीत 'फर्स्ट'ची सुरुवात 'फु' आणि 'आ' अशी, 'प्लॅस्टिक'ची 'पुरा', 'प्रिटेंडर'ची 'पुरि' आणि 'ब्लू'ची 'बुरु' अशी होते. 'बु' व 'पु' हे 'फु'च धरले की क्रम असा लागतो: फुआ, फुरा, फुरि आणि मग फुरु. म्हणजे आधी 'फर्स्ट लव्ह', नंतर 'प्लॅस्टिक लव्ह', त्यामागून 'प्रिटेंडर', आणि शेवटी 'ब्लू लाइट' व 'फुरुसातो'. या शेवटच्या दोघांत आधी कोण येणार, हे 'ब्लू'मधल्या दीर्घ स्वराच्या आडव्या रेघेचे काय करायचे यावर ठरते. रेघ 'उ' म्हणून मोजली तर 'उ' हा 'सा'च्या आधी येत असल्याने 'ब्लू लाइट' पुढे जाते. रेघ सोडून दिली तर 'लाइट'चा 'रा' मोजला जातो आणि 'फुरुसातो' पुढे सरकते. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत, तेव्हा गाणे अपेक्षित जागी दिसले नाही तर दोन-चार ओळी वर-खाली नजर टाकावी.

'फुरुसातो'ची कांजी 'कोक्यो' अशीही वाचता येते, आणि तसे वाचणारा नवशिका 'को'खाली शोधत राहतो. 'नादा सोउसोउ'मध्ये 'अश्रू' या अर्थाचे जे चिन्ह आहे, त्याचा प्रमाण जपानी उच्चार 'नामिदा' आहे. पण ओकिनावाच्या बोलीतला 'नादा' हा उच्चार शीर्षकात असल्याने ते 'नामिदा'ने सुरू होणाऱ्या गाण्यांच्या बऱ्याच आधी सापडते. आकड्यांचेही तसेच. एकेबी 48 या गटाचे '365 निचि नो कामिहिकोकि' (2015) आणि सुइझेन्जि कियोकोचे '365 होचा मार्च' (1968) ही दोन्ही शीर्षके 'सान्ब्याकु रोकुज्यूगो' अशी सुरू होतात, म्हणून दोन्ही 'स'मध्ये येतात, आणि 'नि' हा 'हो'च्या आधी असल्याने 2015 सालचे गाणे वर बसते.

परदेशात पडलेली नावे तर विसरलेलीच बरी. साकामोतो क्यू याचे 'उए ओ मुइते आरुको' हे 1961 सालचे गाणे 1963 मध्ये 'सुकियाकी' या नावाने अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, पण जपानी यादीत ते 'उ'खालीच आहे. मात्सुबारा मिकीचे 'स्टे विथ मी' म्हणून ओळखले जाणारे 1979 सालचे गाणे 'मायोनाका नो दोआ' असे सुरू होते, तेव्हा ते 'म'मध्ये पाहावे. इंग्रजी 'एल' आणि 'आर' दोन्ही 'र'च्या ओळीत जातात. 'व्ही'ने सुरू होणारी शीर्षके काही याद्यांत 'उ'खाली, तर काहींत 'ब' मानून 'ह'च्या ओळीत असतात.

आता नवीन गाणी शोधण्याविषयी. माझा आग्रह असा की सुरुवात 'अ'पासून करू नका, कारण 'अ', 'क' आणि 'स' या ओळी इतक्या भरलेल्या असतात की माणूस तिथेच थकतो. 'र'ची ओळ घ्या. अस्सल जपानी शब्द 'र'ने सुरू होत नाहीत, त्यामुळे या ओळीत मुख्यतः चिनी मुळाचे किंवा पाश्चात्त्य भाषांतून आलेले शब्द दिसतात आणि ती आटोपशीर राहते. 'रा'मध्ये ओदा काझुमासाचे 1991 सालचे 'राबु सुतोरी वा तोत्सुझेन नि', 'रि'मध्ये युद्धानंतर 1946 साली रेकॉर्डवर आलेले 'रिन्गो नो उता', 'रु'मध्ये तेराओ आकिराचे 1981 सालचे 'रुबी नो युबिवा', 'रे'मध्ये योनेझु केन्शिचे 2018 सालचे 'लेमन'. चार अक्षरांत सत्तर वर्षांहून अधिक काळ ओलांडला जातो. गाणी सुचवणारी आजची यंत्रणा आवडलेल्या गाण्यासारखेच दुसरे गाणे पुढे करते. काना क्रमाला काळ, गायक आणि शैली यांचे काहीच सोयरसुतक नसल्याने तो अशी गाणी शेजारी बसवतो जी एरवी कुणी एका दमात ऐकवली नसती. मला या शोधातला सर्वांत मोठा आनंद इथेच मिळतो.

पहिल्या अक्षरावर कान ठेवणे ही जपानमध्ये जुनी गोष्ट आहे. 'ह्याकुनिन इश्शु' या शंभर कवितांच्या पत्त्यांच्या खेळात सात कविता अशा आहेत की मु, सु, मे, फु, सा, हो, से यांपैकी एक अक्षर कानावर पडताच कविता ओळखता येते. 'अ'ने सुरू होणाऱ्या मात्र सोळा आहेत, तिथे पुढची अक्षरे ऐकल्यावाचून गत्यंतर नसते. गाण्यांच्या यादीतही हाच अनुभव येतो. पूर्वी काराओकेच्या खोल्यांत जाडजूड सूचीग्रंथ असत, आता त्यांची जागा स्पर्शपटलाच्या उपकरणांनी घेतली आहे. त्यांवर 'अ', 'क' किंवा 'शि' हे एकच अक्षर दाबून थांबू नये, निदान दोन काना टाकावेत. 'नु' किंवा 'रु'सारख्या विरळ अक्षरांना एकही पुरते.

सापडलेल्या प्रत्येक गाण्याचा उच्चार वहीत काना लिपीतच टिपून ठेवा, आणि तो गायकाच्या अधिकृत पानावरून किंवा गीतपत्रिकेवरून घ्या. आपोआप लिप्यंतर करणारी साधने 'उद्या' या अर्थाची कांजी कधी 'आशिता' तर कधी 'आसु' अशी वाचतात. यादीत 'आशि' आणि 'आसु' यांच्यामध्ये बरीच गाणी येतात, आणि चुकीचा उच्चार टिपला असेल तर ती सगळी पुन्हा चाळावी लागतात.