जर्मनीत कृषी अर्थशास्त्र शिकायला येण्याआधी वाशीचं मार्केट नीट बघ

दापोलीहून बीएस्सी अ‍ॅग्री झाल्यावर परदेशात कृषी अर्थशास्त्र घ्यावं की अ‍ॅग्रिबिझनेस, देश कोणता निवडावा आणि त्यासाठी ठाण्याचं राहतं घर गहाण ठेवावं का, असं तू विचारलंस. मी मूळचा कोपरखैरण्याचा. गॉटिंगनला मास्टर्स केलं, आता बॉनला असतो. त्यामुळे जर्मनीबद्दल सविस्तर सांगतो, बाकीच्या देशांबद्दल थोडक्यात.

आधी घराचं. ते गहाण ठेवू नकोस, आई-बाबांनी आग्रह केला तरीही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, दर सेमिस्टरला काहीशे युरोंचं शुल्क भरलं की झालं. मोठा अपवाद बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याचा. तिथे २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतात आणि शेतीसाठी नावाजलेलं होहेनहाइम विद्यापीठ नेमकं त्याच राज्यात आहे. खरी जुळवाजुळव करावी लागते ती ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याची. २०२४ मध्ये ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली. ती बदलत असते, म्हणून निघताना पुन्हा बघ. हे पैसे कुणाच्या घशात जात नाहीत, दरमहा ९९२ युरो तुझेच तुला खर्चायला मिळतात. नेदरलँड्सचं वागेनिंगेन विद्यापीठ फार चांगलं आहे, पण फी वर्षाला वीस हजार युरोंच्या आसपास. शिष्यवृत्ती हातात असेल तरच तो विचार कर.

आता विषय. भारतातल्याच बियाणं, खत किंवा प्रक्रिया उद्योगात व्यवस्थापनाची नोकरी, म्हणजे अ‍ॅग्रिबिझनेसच, करायचा असेल, तर त्यासाठी परदेशी येऊ नकोस. हैदराबादचं मॅनेज, आणंदचं इर्मा, आयआयएम अहमदाबादचा अन्न व कृषी व्यवसायाचा अभ्यासक्रम या ठिकाणी कंपन्या स्वतः येऊन मुलं निवडतात, तशी ओळख इथली पदवी मिळवून देत नाही. भाव का हलतात, धोरणाचा कुणाला फायदा आणि कुणाला फटका, हे प्रश्न तुला गप्प बसू देत नसतील तर मात्र कृषी अर्थशास्त्रासाठी जरूर ये. बॉनला कृषी व अन्न अर्थशास्त्राचा इंग्रजी अभ्यासक्रम आहे. भारतातल्या बीटी कापसाचा शेतकऱ्यांच्या उत्पन्नावर काय परिणाम झाला यावर ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, ते मातिन काइम इथेच आहेत. गॉटिंगनचा अभ्यासक्रम कासेल विद्यापीठाबरोबर संयुक्त आहे. बाजारभाव एका मंडीतून दुसरीकडे कसे पोचतात यावर तिथे मोठं काम झालंय.

आणि हाच विषय तुझ्या घरापासून तासाभरावर आहे! वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पहाटे जा. आवक किती, लासलगावला काल काय भाव फुटला, गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या पट्टीवर (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर) शेवटी किती उरलं, हे आडत्यांना आणि माथाडींना विचार. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. त्यानंतर गाळ्यावर प्रत्यक्षात काय बदललं, हेही ऐक. मग घरी येऊन अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावरून लासलगाव आणि वाशीचे रोजचे भाव उतरव. डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी आली, मे २०२४ ला उठली. त्या काळात दोन बाजारांतला फरक वाढला की आटला, भाव चढताना तो ठाण्याच्या भाजीवाल्यापर्यंत लगेच पोचला आणि उतरताना रेंगाळला का, ते 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढून बघ. प्रवेशाच्या पत्रात 'मला शेतकऱ्यांची सेवा करायची आहे' असं लिहिणारे पुष्कळ असतात. असा आलेख आणि त्यातून उभा राहिलेला एक प्रश्न मांडणारे फार थोडे, आणि निवड करणारे प्राध्यापक स्वतः याच आकड्यांत रमणारे असतात.

गणिताची तयारी करूनच ये. आपल्या बीएस्सीत अर्थशास्त्राचे पेपर मोजकेच, संख्याशास्त्र त्याहून कमी. इथे पहिल्या सेमिस्टरपासून रिग्रेशन (आकड्यांमधला परस्परसंबंध मोजायची पद्धत) येतं असं धरून चालतात. अर्थशास्त्राचे किती क्रेडिट लागतात हे प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेश नियमांत तपासून मगच अर्ज भर.

कागदपत्रांपैकी एपीएस प्रमाणपत्राला, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याच्या दाखल्याला, आधी हात घाल. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते लागतं. डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते, म्हणून एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत दोन वर्षं काढून आलास तरी काही बिघडत नाही.

राहिली भाषा. अभ्यासक्रम इंग्रजी असला तरी नोकरी जर्मनमध्येच मिळते, विशेषतः सहकारी संस्था, कृषी बँका, धान्य कंपन्या यांच्याकडे. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ते भाषा शिकण्यात घालवलेली मुलं पाहून मला वाईट वाटतं. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात आत्ताच नाव घाल, बी१ ही मधली पातळी तिथूनच करून निघ. आलेख तयार झाला की मला पाठव, मी बघून देतो.