निवाडा मोबाईलवर आला. लवादावर दावा लावता येईल का?

प्रश्न : माझं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे. टेम्पोसाठी एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं, सहा हप्ते थकले. व्हॉट्सॲपवर ऑनलाइन सुनावणीची लिंक आली. फसवणूक असेल म्हणून मी ती उघडली नाही. आता पोस्टाने ४ लाख १० हजारांचा निवाडा आलाय. आर्बिट्रेटर कंपनीनेच नेमला होता. त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावू का?
— एक व्यापारी, कोल्हापूर

उत्तर : त्या दाव्यात पैसा आणि वेळ घालवू नका. लवाद व समेट कायदा, १९९६ मध्ये २०१९ साली कलम ४२ब आलं. सद्भावनेने केलेल्या कामासाठी लवादावर, म्हणजे आर्बिट्रेटरवर, दावा चालत नाही. सुनावणी ऑनलाइन झाली म्हणून हे संरक्षण कमी होत नाही. निवाडा चुकला एवढ्याने सद्भावना नव्हती असं ठरत नाही. लाच किंवा संगनमताचा ठोस पुरावा असेल, तर गोष्ट वेगळी. (या कलमात लवादाचा उल्लेख आहे, ऑनलाइन सुनावणीचं पोर्टल चालवणाऱ्या कंपनीचा नाही.)

तुमची खरी बाजू निवाड्याविरुद्ध आहे आणि ती भक्कम आहे. निकालात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकट्याने लवाद नेमणं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात अमान्य ठरवलं. वाद उभा राहिल्यानंतर तुम्ही लेखी, स्पष्ट संमती दिली असेल तरच अशा लवादाला अपात्र ठरवणाऱ्या कलम १२(५)चा अडथळा दूर होतो. गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे.

पण मुदत कडक आहे. सहीची प्रत हाती पडल्यापासून तीन महिन्यांत निवाडा रद्द करण्यासाठी कोर्टात कलम ३४ खाली अर्ज करा. सबळ कारण असेल तर वर ३० दिवस मिळतात, त्यानंतर एक दिवसही नाही. म्हणून निवाड्याचं पाकीट टाकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का हा तुमचा पुरावा. व्हॉट्सॲपचा मेसेज डिलीट करू नका, त्याची तारीख, वेळ, नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. असा डिजिटल पुरावा कोर्टात चालावा म्हणून वकिलांकडून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्रही तयार करून घ्या.

आधी करारातलं लवादाचं ठिकाण वाचा. तिथे चेन्नई लिहिलं असेल, तर कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात अर्ज चालणार नाही; आणि चुकीच्या कोर्टात गेलेले दिवस फार महाग पडतात. अनेकांचा घात होतो तो पुढच्या पायरीवर: ३४चा अर्ज केला म्हणजे वसुली थांबली, असं ते धरून चालतात. २०१५च्या दुरुस्तीपासून तसं होत नाही. कलम ३६ खाली स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावाच लागतो, नाहीतर कंपनी दरखास्त (वसुलीचा कोर्टातला अर्ज) लावते. स्थगिती देताना कोर्ट काही रक्कम भरायला सांगू शकतं, तिची सोय करून ठेवा.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी. ऑनलाइन लवाद पॅनलवर नाव देतोय. अंगाशी येईल का?
— राजारामपुरी

उत्तर : नेमणुकीआधी कलम १२चं लेखी प्रकटन, म्हणजे पक्षांशी असलेल्या संबंधांची माहिती, पूर्ण भरा. एकाच कंपनीने तीन वर्षांत दोनदा वा जास्त वेळा नेमलं असेल, तर तेही लिहा. ज्या बँकेत नोकरी केलीत, तिच्या प्रकरणांना हात लावू नका. निवाड्याची मुदत वाढवताना विलंब तुमच्यामुळे झाला असं कोर्टाला दिसलं, तर दरमहा ५ टक्क्यांपर्यंत मानधन कापलं जाऊ शकतं. आणि नोटीस खरोखर पोचली याची खात्री झाल्याशिवाय एकतर्फी आदेश करू नका. वरच्या वाचकाची अडचण तिथूनच सुरू झाली.