गेमपॅड सोडून आर्केड स्टिक घ्यावी का? हात बसायला किती दिवस लागतात?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं स्ट्रीट फायटर ६ हा मारामारीचा गेम गेमपॅडवर खेळताय, डावा अंगठा दुखायला लागलाय आणि आता आर्केड स्टिक, म्हणजे पार्लरच्या मशीनसारखा दांडा आणि मोठी बटणं असलेला कंट्रोलर, घ्यायचा विचार आहे. मी दीड वर्षापूर्वी याच कारणाने स्टिक घेतली. घ्या, असंच मी सांगेन. फक्त जास्त मॅच जिंकता येतील म्हणून घेऊ नका. २०१४ साली इव्हो या फायटिंग गेम्सच्या मोठ्या स्पर्धेत फ्रान्सचा लफी अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ ची स्पर्धा जिंकला, तोही पहिल्या प्लेस्टेशनच्या पॅडवर. आपली रँक पॅडमुळे अडलेली नसते.

अंगठ्याचं म्हणाल तर फरक पडतो. पॅडवर सगळ्या दिशांचा भार एकट्या अंगठ्यावर असतो. स्टिकवर तोच भार बोटं, मनगट आणि कोपरापर्यंतच्या हातात वाटला जातो. माझा अंगठा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला, पण पहिल्या चार दिवसांत हात भरून आला, कारण मी लिव्हरचा, म्हणजे त्या दांड्याचा, गोळा मुठीत आवळून धरत होतो. तो सैल धरायचा. दांडा मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या फटीत घेऊन गोळा खालून तळव्यात धरा, नाहीतर वरून बोटांच्या टोकांनी धरा. दोन्ही पद्धतींनी उत्तम खेळणारे लोक आहेत. दुखणं जुनं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

आता ज्या गोष्टीत माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, ती सांगतो. सान्वा कंपनीच्या जेएलएफ मॉडेलसारख्या जपानी लिव्हरखाली चार मायक्रोस्विच असतात: वर, खाली, डावा, उजवा. तिरकी दिशा म्हणजे शेजारचे दोन स्विच एकदम दाबले जाणं. खाली एक चौकोनी गेट, म्हणजे चौकट, असते, ती लिव्हरला तिच्यापुढे जाऊ देत नाही. नवीन माणूस प्रत्येक वेळी लिव्हर त्या गेटवर आपटतो. पण स्विच त्याच्या आधीच लागलेला असतो! 'टिक' ऐकू आल्यावरही तुम्ही ढकलत राहिलात तर तेवढंच अंतर परत यावं लागतं आणि पुढची दिशा उशिरा लागते. हाडोकेन (खाली ते पुढे पाव वर्तुळ फिरवून मारायचा ऊर्जेचा गोळा) मारायला जावं आणि पात्राने पुढे उडी घ्यावी, हे माझ्या बाबतीत रोज व्हायचं. पाव वर्तुळ 'पुढे'पाशी न थांबता वरच्या कोपऱ्यात घुसायचं.

त्या काळात गेट अष्टकोनी करून घ्यावं असं खूप वाटलं. तुम्हालाही वाटेल. दोन महिने तरी थांबा. गेट बदललं तरी स्विच तिथेच राहतात, फक्त हाताला कडा वेगळ्या लागतात. शिवाय पात्राला खाली बसवून वार अडवताना चौकोनी गेटचा खालचा-मागचा कोपरा न बघता सापडतो, हा मोठा आधार आहे.

म्हणून पहिला आठवडा कॉम्बोला, म्हणजे सलग जोडलेल्या वारांना, हात लावू नका. ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट पडद्यावर दिसतील अशी सेटिंग करा आणि नुसतं चाला: पुढे, मागे, डॅश (झटकन सरकणं), बसणं, उठणं. मग हाडोकेन. शोर्यूकेन, म्हणजे उडी मारत वर मारायचा पंच, त्यानंतर, आणि दोन्ही बाजूंनी सारखाच वेळ द्या. मी केन हे पात्र खेळतो. डावीकडे उभा असताना माझा शोर्यूकेन तिसऱ्या आठवड्यात भरवशाचा झाला, उजवीकडे उभा असताना त्याला सहा आठवडे लागले. जुन्या रँकवर परतायला दोन महिने गेले. रोज अर्धा-पाऊण तास खेळत होतो.

बटणांच्या बाबतीत मात्र स्टिकने मला लगेच आनंद दिला. सहा बटणं दोन ओळींत मांडलेली असतात, वर पंच आणि खाली किक, डावीकडून उजवीकडे हलकं, मध्यम, जोरदार. आता उभ्या जोड्या बघा. डावी जोडी एकदम दाबली की थ्रो (धरून आपटणं), मधली दाबली की ड्राइव्ह पॅरी (वार परतवणं), उजवी दाबली की ड्राइव्ह इम्पॅक्ट (जोरदार धडक). पॅडवर मी हे शॉर्टकट म्हणून पाठ केलं होतं. स्टिकवर हात ठेवला तेव्हा गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने ही मांडणी किती विचाराने केली आहे ते बोटांना कळलं.

लहानपणी पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून 'मुस्तफा' खेळलेल्या आपल्या पिढीला वाटतं की जॉयस्टिकची सवय हातात असेलच. माझ्या हातात ती नव्हती. तिथली मशीन्स घट्ट आणि झिजलेली असायची, जोर लावूनच खेळावं लागायचं. तीच जोर लावायची खोड आधी मोडावी लागली.

घेण्याआधी तुमच्या कन्सोलवर ती स्टिक चालते का, हे नीट तपासा. एका कन्सोलसाठीची स्टिक दुसऱ्यावर चालेलच असं नाही. पीसीवर सहसा अडचण येत नाही. जड आणि रुंद बूड असलेली घ्या, हलकी स्टिक मांडीवर सरकते. लिव्हर आणि बटणं बदलता येतील अशीच घ्या. टेकन हा दुसरा फायटिंग गेम जास्त खेळत असाल तर कोरियन लिव्हरही बघा. त्यात स्प्रिंगऐवजी रबर असतं आणि लिव्हर मध्यावर झटकन परततो. स्ट्रीट फायटरसाठी मला जपानीच आवडतो.

लिव्हरलेसचा विचारही मनात येईल, ज्यात दिशांनाही बटणंच असतात. स्ट्रीट फायटरचा नामवंत जपानी खेळाडू दाइगो उमेहारा आर्केडच्या लिव्हरवर वाढला आणि तोही पुढे तिकडे वळला. अचूकपणा हवा असेल तर तो पर्याय खरंच चांगला आहे. मी स्टिकवर राहिलो, कारण लिव्हर फिरवताना हाताला जे जाणवतं ते मला बटणांत मिळालं नाही. जमलं तर विकत घेण्याआधी कोणा मित्राकडची स्टिक आठवडाभर मागून आणा. आणि रात्री खेळत असाल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा, मायक्रोस्विचची टिकटिक बंद दारातूनही ऐकू जाते. मी खाली जाड सतरंजी घालतो, त्याने आवाज बराच कमी होतो.